पार्श्वभूमी: कोयना खोऱ्यातल्या घाटवाटा कशा मिटत गेल्या

कोयना खोऱ्यातल्या वासोटा किल्ल्यावर जायचे तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढायची, लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरायचे, गड पाहायचा आणि संध्याकाळच्या आत परतायचे. मुक्कामाला मनाई आहे आणि पावसाळ्यात प्रवेशच बंद असतो. दर हंगामात या नियमांवरून गिर्यारोहक आणि वनखाते यांच्यात खटके उडतात. या वाटांवर एकेकाळी चालत कोण होते, ही गोष्ट मात्र त्या भांडणात बहुतेक वेळा राहून जाते.

जुन्नरजवळून कोकणात उतरणारा प्राचीन नाणेघाट, तिथला शिलालेख, जकातीचा रांजण हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. त्यातला एकच धागा इथे कामाचा. जुन्या घाटांवर पाण्याची आणि विसाव्याची सोय वाटेलगतच असे. नाणेघाटात कातळात खोदलेली टाकी आहेत, वाघजाई घाटाच्या पायथ्याशी ठाणाळ्याची लेणी आहेत, राजमाचीखाली कोंडाण्याची. पुढच्या काळात ही जागा गडाखालच्या मेटांनी (पहाऱ्याच्या वस्त्यांनी), देवळांनी आणि धनगरवाड्यांनी घेतली. निव्वळ वाटसरूंसाठी निर्जन डोंगरात कोणी झोपड्या बांधून ठेवल्याचे सह्याद्रीत सहसा दिसत नाही. मुक्काम पडे तो कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर देवळात. गाव उठले की निवारा गेला आणि निवारा गेला की वाटही मोडायला लागली. माझ्या मते कोयनेतल्या सगळ्या वादाचे मूळ इथे आहे.

आगगाडी आली आणि घाटवाटा संपल्या, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला, रेल्वे 1863 मध्ये तो घाट चढली आणि 1865 मध्ये थळघाट. लांब पल्ल्याचा व्यापार तिकडे वळला. लमाण-वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे कोकणातून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर नेत, देशावरून धान्य, गूळ, मिरची खाली आणत. त्यांचा हा धंदा तिथून बसत गेला. पण 1880 च्या दशकात छापलेली जिल्हा गॅझेटियरे उघडून पाहावीत. रेल्वे येऊन वीस वर्षे झाल्यावरही त्यांत घाटांच्या लांबलचक याद्या आहेत आणि कुठला घाट गाड्यांचा, कुठला लादलेल्या बैलांचा, कुठला फक्त पायी माणसांचा, हे घाटागणिक नोंदवले आहे. घाटमाथ्यावरच्या सिंगापूर गावाची नाळ (अरुंद घळीतली वाट) किंवा निसणीची वाट यांसारख्या अवघड वाटांना तर रेल्वेशी देणेघेणेच नव्हते. बाजारहाट, सोयरीक, देवाची जत्रा, गुरे वर-खाली नेणे, एवढ्यावर त्या तग धरून राहिल्या. मोटाररस्ते आणि एसटी येईपर्यंत हेच चालले.

खरा घाव घातला तो धरणांनी. 1920 च्या दशकात मुळशीचे पाणी अडवले गेले तेव्हा सत्याग्रह झाला आणि त्याची आठवण महाराष्ट्राने जपली. कोयनेच्या वाट्याला ते आले नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला 103 मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि पन्नासेक किलोमीटर लांबीचे खोरे पाण्याखाली गेले. विस्थापितांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दाखवल्या गेल्या. अनेक कुटुंबे तिकडे न जाता पाण्याच्या रेषेवर, आपल्याच डोंगराच्या उतारावर सरकून राहिली. घाटमाथा आणि कोकण यांमधली ये-जा त्यांच्या पायांवर चालू राहिली.

1985 मध्ये याच उतारांवर कोयना अभयारण्य जाहीर झाले. 2004 मध्ये शेजारच्या चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2012 मध्ये दोन्ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. धरणाने एकदा हललेल्या माणसांना गाभाक्षेत्रासाठी पुन्हा हलायला सांगितले गेले. पुनर्वसनाच्या बाजूचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही: उठलेल्या गावांच्या शेतात गवत माजले, तिथे गवे-सांबरे चरू लागली आणि त्यांच्या मागे वाघ यावा अशी आशा धरता आली. वस्तीत राहिलेल्यांना रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, त्यामुळे काहींनी स्वतःहून जाणे पसंत केले हेही खरे. पण निर्णय घेताना जंगल, पाणी आणि वाघ मोजले गेले. वाटांची मोजणी कोणीच केली नाही. कुठली पायवाट कुठल्या गावाची, तिच्यावर पाणी कुठे, उतार कुठे धोक्याचा, हे ज्यांना तोंडपाठ होते त्यांना लिहून न घेताच हलवले गेले. कारवी आणि करवंदीच्या जाळ्यांना मोकळी वाट गिळायला फारसे पावसाळे लागत नाहीत.

मुक्कामबंदी मला पटते. रात्रीचा गोंगाट, शेकोट्या आणि प्लास्टिक यांनी इतर गडांचे काय केले ते डोळ्यांसमोर आहे. पटत नाही ती मापातली तफावत. पायी जाणाऱ्याला संध्याकाळी बाहेर काढायचे आणि त्याच जलाशयाच्या परिसरात 235 गावांच्या क्षेत्रात ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचे गिरिस्थान आखायचे, या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. पर्यावरणाच्या बाजूने त्यावर हरकती घेतल्या गेल्या. पायवाटांचा प्रश्न मात्र ऐरणीवर आला नाही.

कोकणाच्या अंगाने चित्र थोडे वेगळे आहे. महाशिवरात्रीला चोरवण्याचे आणि आसपासच्या गावांचे लोक अजूनही वासोट्याजवळच्या नागेश्वर या शिवाच्या गुहेपर्यंतची चढण चढतात, त्यामुळे तेवढी वाट पायाखालची राहिली आहे. चोरवणे कोकणात आहे आणि तिथली वस्ती उठलेली नाही. जत्रेच्या मार्गाला जी सवलत मिळते त्याच धर्तीवर, ठरावीक दिवशी आणि पुनर्वसितांमधल्याच वाटाड्यांना सोबत घेऊन, आणखी काही घाट उघडता येतील. त्या वाटा स्वतः तुडवलेली पिढी आता म्हातारी झाली आहे, म्हणून नोंदी घेण्याचे काम परवान्यांच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबवता येणार नाही.