गोड कांदा : घरगुती उपयोग

गोड कांदा हा नेहमीच्या कांद्याच्याच जातीतला (ॲलियम सेपा), पण अतिशय सौम्य चवीचा कांदा. साल पातळ, पाकळ्या जाड आणि रसाळ, आकार बहुधा चपटा. नावामुळे त्यात साखर खूप असेल असे वाटते आणि स्वयंपाकात त्याच्याबद्दल होणाऱ्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात. गोड कांद्यात साखर वजनाच्या साधारण ५ टक्के असते. साठवणीच्या तिखट कांद्यातही ती जवळपास तेवढीच, कधी अधिकही निघते. फरक आहे तो तिखटपणाचा. तो नसल्यामुळे मुळातली साखर जिभेला जाणवते, एवढेच.

कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांतून येतो. अख्ख्या कांद्यात ही संयुगे आणि त्यांच्यावर काम करणारे विकर (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरी लागली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि उग्र वासाची द्रव्ये तयार होतात. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य घडवण्यासाठी आणखी एक स्वतंत्र विकर लागते, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. जमिनीत गंधक कमी असेल आणि वाणही सौम्य असेल, तर कांदा गोड होतो. तिखटपणा मोजण्यासाठी रसातले पायरुविक आम्ल मोजतात, कारण वरच्या क्रियेत तेही तयार होते.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला विडालिया कांदा या गटात सर्वांत प्रसिद्ध आहे. १९३१ मध्ये तिथल्या मोझेस कोलमन या शेतकऱ्याच्या शेतात कांदे अनपेक्षितपणे गोड निघाले. पुढे १९८६ च्या राज्य कायद्याने हे नाव ठरावीक भागातल्या कांद्यापुरतेच राखून ठेवले. वॉशिंग्टन राज्यातला वाला वाला, हवाई बेटांतला माउई, इटलीत कालाब्रियातला त्रोपेआचा लाल कांदा आणि फ्रान्समधला सेव्हेनचा कांदा हे याचेच भाईबंद. टेक्सासच्या ‘१०१५’ या वाणाचे नाव त्याच्या लागवडीच्या तारखेवरून, म्हणजे १० व्या महिन्याच्या १५ तारखेवरून पडले.

हा कांदा आधी कच्चाच खाऊन पाहावा. त्याचे सगळे वैशिष्ट्य कच्च्यात आहे आणि जितके शिजवावे तितका तो इतर कांद्यांसारखा होत जातो. जाड चकती मीठ-मिरपूड लावून पावावर ठेवली, तरी वेगळे काही लागत नाही. सॅलडमध्ये पातळ चकत्या टोमॅटो, काकडी किंवा संत्र्याबरोबर छान लागतात. तिखट कांदा कच्चा वापरण्याआधी पाण्यात भिजवतात. इथे त्याची गरज नसते, पण बर्फाच्या पाण्यात १० मिनिटे ठेवल्यास चकत्या आणखी कुरकुरीत होतात. चिरण्याची दिशाही पाहावी. देठापासून मुळाकडे उभा चिरला तर पेशी कमी फुटतात आणि फोडी शिजतानाही आकार धरून राहतात. आडवा चिरला तर वास थोडा वाढतो, पण गोल कडी मिळतात. सुरी धारदारच हवी, कारण बोथट सुरी कांदा चिरण्याऐवजी चेंगरते.

झटपट लोणच्यासाठी अगदी पातळ चकत्या काचेच्या बरणीत भराव्यात आणि समभाग व्हिनेगर व पाणी, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून गरम केलेले द्रावण त्यावर ओतावे. अर्ध्या तासात खायला तयार होते आणि फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस चांगले राहते. साखरेचा हात आखडताच ठेवावा, नाहीतर आंबटपणा पुढे येत नाही.

आचेवर नेताना पाण्याचा विचार आधी करावा लागतो, कारण या कांद्यात सुमारे ९१ टक्के पाणी असते. गर्दीने भरलेल्या तव्यावर तो परतला जात नाही, स्वतःच्याच रसात उकडतो. म्हणून भांडे रुंद आणि कांदा थोडा. भाजायचा असेल तर सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या कापून आडवी सळई टोचावी, म्हणजे कडी सुटत नाहीत. मग तेलाचा हात लावून दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजाव्यात. तळलेल्या कड्यांसाठी हा कांदा फार चांगला, कारण पाकळ्या जाड असतात. कडी आधी कोरड्या पिठात घोळवावीत आणि मगच सरसरीत पिठात बुडवावीत. ओल्या कांद्यावर आवरण धरत नाही, कढईतच सुटून येते.

अख्खा भाजलेला कांदा ही त्याची सर्वांत सुंदर रीत. साल काढून वरचा भाग कापावा, मूळ जागेवरच ठेवावे आणि मधे छोटी वाटी कोरावी. त्यात लोणी, मीठ, मिरपूड घालून कांदा फॉइलमध्ये गुंडाळावा आणि ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सियसला तासभर ठेवावा. सुरी लोण्यात जावी तशी आत गेली की झाला. तळाशी जमलेला रस टाकू नये. भाजलेल्या कांद्यात तोच सगळ्यात चविष्ट असतो.

मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतायला मात्र गोड कांदा हवाच, ही समजूत खरी नाही. या कामाला ४५ मिनिटे ते तासभर लागतो, साखर आणि प्रथिनांच्या घटकांत क्रिया होऊन नव्या चवी तयार होतात आणि गंधकाच्या संयुगांनीही त्यात खोली येते. ती कमी असल्यामुळे नुसता गोड कांदा शेवटी सपक गोड लागतो. निम्मा तिखट कांदा मिसळावा. सूपसाठीही हेच प्रमाण योग्य. सुरुवातीला मीठ घातले की पाणी लवकर सुटते. तळाला लागू लागले की चमचाभर पाणी शिंपडून खरवडून घ्यावे. खाण्याच्या सोड्याची चिमूट रंग लवकर आणते, पण कांद्याचा लगदा होतो. फोडी दिसायला हव्या असतील तर ती टाळावी.

परतलेला कांदा तेलातुपासकट बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया शहरात एका उपाहारगृहातल्या परतलेल्या कांद्यामुळे २८ जणांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा झाली होती. स्निग्ध थराखाली हवा पोहोचत नाही आणि कोमट तापमानात तिथे जिवाणू विष तयार करतात. उरलेला कांदा लगेच फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. घरात कुत्रे किंवा मांजर असल्यास त्यांना कोणत्याही कांद्याचा घास देऊ नये, शिजवलेलाही नाही. त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

जास्त पाणी आणि पातळ साल यांमुळे गोड कांदा फार टिकत नाही. तिखट कांदा महिनोन्‌महिने राहतो, हा काही आठवड्यांतच मऊ पडू लागतो. एकमेकांना टेकलेले कांदे आधी नासतात. म्हणून जुन्या लांब पातळ मोज्यात एकेक कांदा घालून मधे गाठी मारतात, तो हवेशीर जागी टांगतात आणि लागेल तसा खालच्या गाठीखालून एकेक कापून घेतात. बटाट्यांशेजारी ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवायचा तर प्रत्येक कांदा कोरड्या कागदात वेगळा गुंडाळावा. फार झाले असतील तर चिरून ताटात पसरून गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत. उकळत्या पाण्यातून काढण्याची गरज नाही. गोठवलेल्याचा कुरकुरीतपणा जातो, त्यामुळे तो न वितळवता थेट गरम भांड्यात टाकावा.