चारही यू केव्हाच संपले होते

गेल्या मे महिन्यात मावसबहिणीबरोबरचा स्क्रॅबलचा एक डाव मी 9 गुणांनी हरलो. (पिशवीतून इंग्रजी अक्षरांच्या टाइल उचलायच्या आणि पटावर शब्द जुळवायचे, असा हा खेळ; हातात एका वेळी सात टाइल.) शेवटी माझ्या हातात एकच टाइल उरली होती, ती क्यूची. तिने आपली शेवटची टाइल लावली आणि नियमाप्रमाणे उरलेल्या क्यूचे माझे 10 गुण कापले गेले, तिच्या खात्यात 10 चढले. एका टाइलने 20 गुणांचा फरक पडला. ‘क्यू आला नसता तर जिंकलो असतो’, असं मी पुटपुटलो. ती टाइल पिशवीत भरता भरता म्हणाली, "अरे, चारही यू केव्हाच लागले होते. तू कसली वाट बघत होतास?"

इंग्रजीत क्यूला बहुतेक वेळा यूची जोड लागते, आणि पिशवीत यू असतात फक्त चार. तिच्याजवळ एक चिठ्ठी होती. तिच्यावर सगळी अक्षरं लिहिलेली, आणि पटावर लागलेल्या प्रत्येक टाइलवर काट मारलेली. म्हणजे संपलेल्या यूची मी आशेने वाट बघतोय, हे तिला अर्धा डाव आधीच कळलं होतं.

त्या रात्री मी तो डाव क्वॅकल नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये चालीगणिक भरून पाहिला. नशिबाच्या खेळात ‘चूक’ कशाला म्हणायचं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. बुद्धिबळात दोघांनाही सगळं दिसत असतं. इथे पिशवीत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे वाईट चाल करूनही माणूस जिंकतो आणि उत्तम चाल करूनही हरतो. म्हणून यंत्र डावाच्या निकालाकडे बघतच नाही. त्या क्षणी शक्य असलेली सर्वांत चांगली चाल सरासरीने किती फायद्याची होती आणि तुमची किती, यांतलं अंतर म्हणजे चूक. क्यू हातात येणं हे नशीब. पिशवीत भरपूर टाइल असताना तो बदलून न घेणं ही चूक. पिशवीत किमान 7 टाइल असतील तर एक चाल सोडून नको असलेली अक्षरं बदलता येतात, पण चाल ‘फुकट’ घालवायला मन धजावत नाही. शिवाय क्यूआय हा दोन अक्षरी शब्द (चिनी परंपरेतली प्राणशक्ती, उच्चार ‘ची’) मला तेव्हा ठाऊक नव्हता. खालच्या कोपऱ्यात एक आय दोन चाली मोकळा उभा होता. तिसऱ्या चालीला बहिणीने तो बुजवला, आणि तेही मुद्दामच असावं असा माझा संशय आहे.

हा खेळ आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुरचनाकाराने 1930 च्या दशकात, मंदीत नोकरी गेल्यावर, तयार केला. स्क्रॅबल हे नाव 1948 साली आलं. कोणती अक्षरं किती ठेवायची हे ठरवायला त्याने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली. ई 12 वेळा, ए आणि आय 9-9 वेळा, क्यू आणि झेड एकेकदाच. एकूण 100 टाइल, त्यांत कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या 2 कोऱ्या. एसच्या बाबतीत मात्र त्याने हात आखडता घेतला आणि चारच ठेवले, कारण जो तो शब्दाला एस जोडून अनेकवचनं करत सुटला असता. (देवनागरीत असा खेळ करायचा म्हटलं तर काना-मात्रा वेगळ्या टाइलवर द्यायच्या का, इथूनच भांडण सुरू होईल.)

एसवर छापलेली किंमत 1 गुण. पण अनुभवी खेळाडू त्याची खरी किंमत 8 गुणांच्या आसपास धरतात आणि कोऱ्या टाइलची 25 च्या वर, जिच्यावर छापील शून्य असतं! हे गुण त्या टाइलमुळे पुढच्या चालींत मिळणार असतात. हातातल्या सातही टाइल एका चालीत लावल्या तर 50 गुणांचं बक्षीस असतं, त्याला बिंगो म्हणतात, आणि ते साधायला एस आणि कोरी टाइल यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आता त्याच डावातली माझी पहिली चाल. हातात सी, एच, ए, आय, आर, एस आणि यू. मी ‘चेअर्स’ लावला. एच दुप्पट गुणांच्या घरात, पहिला शब्द म्हणून सगळं पुन्हा दुप्पट, एकूण 30. खूश होतो. यंत्राने मात्र नुसता ‘चेअर’ वर ठेवला होता. सी दुप्पट घरात बसवून त्याचे होतात 26. म्हणजे चार जादा गुणांसाठी मी आठ गुणांची टाइल खर्च केली होती. दुकानात सुटे नाहीत म्हणून पाचशेची नोट देऊन उरलेले पैसे तिथेच सोडून यावेत, तसं. हातात काय उरलं याचा हिशेब नवखा खेळाडू करत नाही. त्याला फक्त मिळालेले गुण दिसतात. मुरलेला खेळाडू चालीचे गुण आणि उरलेल्या अक्षरांचं मोल यांची बेरीज करतो.

आणि एस गेला तर दुसरा येईल की! पहिल्या चालीला तुमच्याकडे एकही एस किंवा कोरी टाइल नसेल, तर न दिसणाऱ्या 93 टाइलांत त्या 6 असतात. एक टाइल उचललीत तर त्यांतली मिळण्याची शक्यता साडेसहा टक्के. पाच उचलल्यात तर किमान एक मिळण्याची शक्यता सुमारे 29 टक्के. भरवसा ठेवावा असा हा आकडा नाही.

एस आणि कोऱ्या टाइलची ही मोलं यंत्राने सांगितलेली आहेत. ब्रायन शेपर्ड यांच्या मेव्हन या प्रोग्रामने रुळवलेली पद्धत तशी सोपी आहे. चार-सहा बऱ्या चाली निवडायच्या. प्रत्येकीसाठी न दिसणाऱ्या टाइलांतून सात उचलून प्रतिस्पर्ध्याला द्यायच्या, त्याची चाल खेळायची, मग आपली, आणि शेवटी हातात काय उरलं ते मोजायचं. हेच शेकडो वेळा करून सरासरी काढायची. खेळाडूंच्या भाषेत ‘सिम’ करायचं. शब्द शोधणं यंत्राला जड नाही. सगळा कोश एका जाळ्यात विणलेला असतो आणि सारखी सुरुवात किंवा सारखा शेवट असलेले शब्द तेच धागे वापरतात, त्यामुळे सेकंदभरात सगळे शक्य शब्द समोर येतात.

शेकडो वेळा कशासाठी? समजा एकेका फेरीचा निकाल नशिबामुळे 60 गुणांनी इकडेतिकडे होतो. 100 फेऱ्यांच्या सरासरीत ही अनिश्चितता 6 गुणांवर येते, कारण ती फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. दोन चालींत फरक 4 गुणांचा असेल तर 6 च्या धुक्यात तो दिसणारच नाही. 900 फेऱ्यांनंतर धुकं 2 वर उतरतं, तेव्हा कुठे काही बोलता येतं. ‘मागच्या वेळी मी असंच केलं होतं आणि जिंकलो’ ही एका फेरीची साक्ष आहे.

सरासरी गुण हीच सगळी गोष्ट नाही, हेही खरं. शेवटच्या षटकात 18 धावा हव्या असताना एकेक धाव काढणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. पटावर 70 गुणांनी मागे असाल आणि पिशवी संपत आली असेल, तर कमी गुणांची पण बिंगोची वाट मोकळी ठेवणारी चाल योग्य ठरते. पुढे असाल तर उलट, पट बंद करत न्यायचा. 2015 साली पर्थमध्ये नायजेरियाचा वेलिंग्टन जिघेरे जगज्जेता झाला, तेव्हा लांब शब्द हाताशी असतानाही आखूड शब्द लावून पटाची दारं बंद ठेवण्याच्या त्यांच्या संघाच्या डावपेचांची बरीच चर्चा झाली होती.

यंत्राला दिसत नाही ते प्रतिस्पर्ध्याचं मन. सिममध्ये त्याला टाइल आंधळेपणाने वाटल्या जातात. पण समोरच्याने नुकतीच एकच टाइल बदलली असेल तर उरलेल्या सहा चांगल्या असणार, हे माणसाला कळतं. खोट्या शब्दाचंही तसंच. आक्षेप घेतला नाही तर खोटा शब्द पटावर राहतो, आणि तो कोणासमोर खपेल हे कोशात लिहिलेलं नसतं. तरी 2006 साली टोरांटोत क्वॅकलने माजी जगज्जेता डेव्हिड बॉइज याला 3-2 असं हरवलं.

माणसांत यंत्राच्या सर्वांत जवळ पोचलेला म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. त्याचं पहिलं जगज्जेतेपद आपल्या मुंबईतलं, 2007 चं. नंतर आणखी चार. 2015 साली तो फ्रेंच स्क्रॅबलचाही जगज्जेता झाला. फ्रेंच बोलता येत नव्हतं, सुमारे नऊ आठवड्यांत शब्दयादी पाठ केली होती. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. भाषेच्या शिक्षकांना हे ऐकवत नाही, पण या खेळात शब्दाचा अर्थ म्हणजे निव्वळ ओझं.

दिवाळीत आम्ही पुन्हा बसलो. या वेळी चिठ्ठी माझ्याकडेही होती. पिशवीत 7 टाइल, तिच्या हातात 7, आणि क्यू अजून निघालेला नाही. नुसत्या गणिताने तो तिच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. पण दोन चालींपूर्वी तिने एक टाइल बदलली होती. क्यू हातात असता तर तिने तोच आधी टाकला असता. म्हणजे तो पिशवीत असण्याचीच शक्यता जास्त. माझ्याकडे पाच अक्षरी चांगला शब्द होता. तो सोडून मी दोनच टाइल लावल्या आणि दोनच उचलल्या. क्यू नव्हता. पिशवीत पाच उरल्या. तिने ऐटीत पाच अक्षरी शब्द लावला, पिशवी झाडून रिकामी केली, उचललेल्या टाइल एकेक करून रॅकवर मांडल्या, आणि मग बराच वेळ माझ्या चिठ्ठीकडे बघत राहिली.