शिडाच्या नौकेवरील बॅटरी : निवड आणि बदल

लांब पल्ल्याच्या शिडाच्या नौकेवर दिवे, व्हीएचएफ रेडिओ, दिशादर्शक उपकरणे, ऑटोपायलट, फ्रिज आणि पंप यांना एकदिश वीजपुरवठा करणारा संचायक घटांचा संच. तो बहुधा १२ व्होल्टचा असतो, मोठ्या नौकांवर २४ व्होल्टचाही आढळतो. एंजिन सुरू करणारी बॅटरी आणि रोजच्या वापराची ‘हाउस बँक’ या दोन्ही स्वतंत्र ठेवतात, म्हणजे रात्रभरात बँक उतरली तरी सकाळी एंजिन सुरू होते.

इतिहास : पुन्हा भारित करता येणाऱ्या शिसे-अम्ल घटाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांना (१८५९) देतात. मात्र योहान रिटर यांनी १८०३ च्या सुमारास चकत्यांची भारित होणारी चवड (पाइल) दाखवली होती आणि व्हिल्हेल्म सिन्स्टेडेन यांनी १८५४ मध्ये विरल सल्फ्यूरिक अम्लात शिशाच्या पट्ट्या वापरून वीज साठवल्याची नोंद केली होती. त्यामुळे काही लेखक सिन्स्टेडेन यांना अग्रमान देतात. या दोघांच्या प्रयोगांतून वापरण्याजोगे साधन निघाले नाही. पत्रे वारंवार भारित व रिकामे करून त्यांची धारकता वाढवण्याची रीत प्लांते यांनी बसवली, म्हणून श्रेय त्यांच्याकडे ठेवणेच अधिक रास्त वाटते. पुढे कामीय फोर यांनी १८८१ च्या सुमारास शिशाच्या ऑक्साइडाचा लेप दिलेली पट्टी आणली. नौकेच्या दृष्टीने हा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. लेपाचा थर पातळ व सच्छिद्र ठेवला की क्षणभर मोठा प्रवाह देणारी एंजिनाची बॅटरी होते. जाड व घट्ट ठेवला की वारंवार खोलवर उतरणे सोसणारी ‘डीप सायकल’ बॅटरी होते. अम्ल जेलीसारखे घट्ट केलेल्या जेल बॅटऱ्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुरुवातीस, तर काचतंतूंच्या चटईत अम्ल शोषून ठेवणाऱ्या एजीएम बॅटऱ्या साधारणपणे १९७० च्या दशकात पुढे आल्या. लिथियम-आयर्न-फॉस्फेट या धनाग्र द्रव्यावरील टेक्सस विद्यापीठातील गुडइनफ यांच्या गटाचे काम १९९६-९७ मधील आहे.

धारकता आणि पॉयकर्टचा नियम : बॅटरीवर छापलेले अँपिअर-तास बहुधा २० तासांच्या दराने मोजलेले असतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरने २० तास चालेल, एवढाच त्याचा अर्थ. प्रवाह वाढला की धारकता घटते. हा संबंध व्हिल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये घातांकाच्या रूपात मांडला. घातांक १.२५ धरल्यास याच बॅटरीतून २० अँपिअरने सुमारे ७१ अँपिअर-तासच मिळतात, १.१ धरल्यास ८७. द्रव अम्लाच्या बॅटऱ्यांत घातांक १.२ च्या आसपास किंवा वर, एजीएममध्ये साधारण १.०५ ते १.१५ आणि लिथियममध्ये १ च्या अगदी जवळ असतो.

या नियमाचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. जुनी हस्तपुस्तके उरलेले २९ अँपिअर-तास ‘वाया गेले’ असे धरतात. प्रत्यक्षात ते पट्टीच्या खोल भागात अडकलेले असतात. भार हलका केला किंवा बॅटरीला विश्रांती दिली की त्यांतील बराच भाग परत मिळतो. शिवाय नियम स्थिर प्रवाह आणि स्थिर तापमान गृहीत धरतो, आणि नौकेवर दोन्ही नसतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर तासातून अनेकदा चालू-बंद होतो. म्हणून पॉयकर्टचे गणित अँकर विंडलास (नांगर ओढणारे यंत्र) किंवा इन्व्हर्टर यांसारख्या मोठ्या भारापुरते वापरावे. दिवसाच्या हिशेबाला सरासरी प्रवाह पुरतो.

निवड : हिशेब खर्चापासून सुरू होतो. फ्रिज ५ अँपिअरने निम्मा वेळ चालला तर दिवसाला ६० अँपिअर-तास. ऑटोपायलट सरासरी २ अँपिअरने ४८. उपकरणे व रेडिओ १ अँपिअरने २४. एलईडीचा नांगरदिवा जेमतेम २ ते ३. प्रवासात ही बेरीज १३५ च्या घरात जाते, नांगरावर ९० च्या आत राहते. यानंतरचा प्रश्न बँक किती मोठी हा नसून भरून किती येते हा आहे, आणि निवड बहुधा तिथेच चुकते. शिसे-अम्ल बॅटरी आयुष्यासाठी ५० टक्क्यांखाली उतरवू नये असा संकेत आहे. वरचे १५ ते २० टक्के भरायला कितीही दमदार चार्जर असला तरी अनेक तास लागतात, कारण बॅटरीच प्रवाह घेईनाशी होते. एवढा वेळ एंजिन कोणी चालवत नाही. म्हणजे वापरात येतो तो ५० ते ८५ टक्क्यांमधला पट्टा, ३५ टक्के. रोज १३५ अँपिअर-तास हवे तर बँक सुमारे ३८५ ची लागते. लिथियममध्ये ८० टक्के वापर धरला तर १७० पुरते.

अपुऱ्या चार्जिंगमुळे शिसे-अम्ल बॅटऱ्या मरतात. अतिवापराने मरणाऱ्या त्या मानाने थोड्या. पट्ट्यांवरील शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक वेळेत विरघळले नाहीत तर ते मोठे व कठीण होतात. सौर पॅनेल हळू पण दिवसभर भरते, त्यामुळे शेवटच्या १५ टक्क्यांसाठी ते एंजिनापेक्षा उपयोगी. पॅनेलला पुरेशी जागा असेल आणि बँकेची कपाटे हाताला येत असतील तर द्रव अम्लाच्या ६ व्होल्ट, साधारण २२५ अँपिअर-तासांच्या गोल्फ-कार्ट बॅटऱ्यांच्या जोड्या अजूनही हिशेबी ठरतात. त्या दणकट असतात, डिस्टिल्ड पाणी घालता येते आणि हायड्रोमीटरने प्रत्येक घट तपासता येतो (पूर्ण भरल्यावर अम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८०). एजीएम आडवी बसवता येते व सांडत नाही, मात्र अर्धवट भरलेल्या अवस्थेत ठेवली तर दुरुस्तीचा मार्ग फारसा उरत नाही. जेलला १४.४ व्होल्टच्या वर नेल्यास आत बुडबुडे अडकून ती कायमची निकामी होऊ शकते. एंजिनाच्या बॅटरीसाठी अँपिअर-तास न पाहता थंड-प्रारंभ प्रवाह, म्हणजे सीसीए, पाहतात. उणे १८° से. ला ३० सेकंद, व्होल्टता ७.२ च्या खाली न जाता मिळणारा प्रवाह तो हाच.

लिथियम : नौकांवर लिथियम बॅटऱ्यांपैकी लिथियम-आयर्न-फॉस्फेट हाच प्रकार वापरावा. चार घटांचा संच १२.८ व्होल्टचा होतो. भरण्याची व्होल्टता १४.० ते १४.४ पुरते, एका घटाची मर्यादा ३.६५ व्होल्ट. ०° से. खाली ती भरू नये, ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते. मधल्या पट्ट्यात व्होल्टता जवळजवळ सपाट राहते, म्हणून व्होल्टमीटरवरून शिल्लक कळत नाही. शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा रोध, बसवलेला मॉनिटर लागतो.

खरी अडचण अल्टरनेटरची, म्हणजे एंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राची. लिथियम बँक मागेल तेवढा प्रवाह घेत राहते आणि एंजिनासोबत आलेला छोटा अल्टरनेटर मंद फेऱ्यांवर पूर्ण प्रवाह देत तापून जळतो. दुसरा धोका बीएमएसचा, म्हणजे बँकेवर लक्ष ठेवून गरज पडल्यास ती तोडणाऱ्या नियंत्रकाचा. चार्जिंग चालू असताना बीएमएसने बँक अचानक तोडली तर अल्टरनेटरच्या प्रवाहाला वाट उरत नाही, व्होल्टता उसळते आणि डायोड जातात. अल्टरनेटर एंजिनाच्या शिसे-अम्ल बॅटरीलाच जोडून, तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियम भरणे हा सोपा तोडगा. मोठा प्रवाह हवा असेल तर तापमान मोजणारा आणि बीएमएसचा इशारा मिळताच आधी अल्टरनेटर बंद करणारा बाह्य रेग्युलेटर घ्यावा. लिथियम बँकेचा शॉर्टसर्किट प्रवाह हजारो अँपिअरचा असल्याने साधा फ्यूज ठिणगीच्या रूपाने जळतच राहू शकतो. २०,००० अँपिअर तोडण्याची क्षमता असलेला क्लास टी फ्यूज वापरतात. अमेरिकेतील एबीवायसी या नौकाविषयक मानके ठरवणाऱ्या संस्थेचे ई-१३ हे मानक आणि आयएसओचे २३६२५ हे तांत्रिक विनिर्देश या विषयावरच आहेत.

बदलण्याची पद्धत : आधी प्रत्येक केबलवर चिकटपट्टी लावून ती कुठून कुठे जाते ते लिहावे. किनाऱ्याची वीज, एंजिन आणि भार बंद करावेत. सौर कंट्रोलरचे पॅनेल आधी काढावे, बॅटरी नंतर, जोडताना उलट. मुख्य स्विचच्या आधी थेट बॅटरीवरून घेतलेली, नौकेच्या तळातले (बिल्जमधले) पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची तार हमखास विसरली जाते. ती नव्या बँकेवर फ्यूजसह परत लावली नाही तर कुलूपबंद नौकेत पंप चालत नाही. हातातील अंगठी, घड्याळ काढून, दांड्याला टेप गुंडाळलेल्या पान्याने मायनस टर्मिनल प्रथम सोडवावे.

सगळ्या बॅटऱ्या एकाच वयाच्या व एकाच जातीच्या असाव्यात. समांतर जोडणीत जुनी बॅटरी नव्यांना खाली ओढते. समांतर बँकेतून प्लस पहिल्या आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून घ्यावा, म्हणजे भार सारखा वाटला जातो. केबलच्या टोकाचा लग थेट टर्मिनलला टेकला पाहिजे. वायसर त्याच्या वर. स्टेनलेस पोलादाचा वायसर लगखाली गेला तर तो वाईट वाहक असल्याने विंडलासच्या वेळी टर्मिनल तापते आणि कधी शिसे वितळते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून सुमारे १७५ मि.मी. च्या आत असावा. ही एबीवायसी ई-११ ची अट असून एंजिन-स्टार्टरच्या वायरला तीत सूट आहे. सर्व मायनस तारा शंटच्या भाराकडील टोकावर न्याव्यात. एक जरी थेट बॅटरीवर राहिली तरी तिचा प्रवाह मोजला जात नाही आणि मॉनिटर शिल्लक फुगवून दाखवतो. बॅटऱ्या पट्ट्यांनी जखडतात. एबीवायसीच्या ई-१० नुसार जोर लावल्यावर त्या २५ मि.मी. हून अधिक सरकू नयेत. खोक्याला वरच्या बाजूस वायुवीजन लागते, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण स्फोटक होते. खारे पाणी बॅटरीत शिरले तर क्लोरीन वायू निघू शकतो, म्हणून बॅटरीची जागा बिल्जच्या पाणपातळीच्या वर हवी. मोठा प्रवाह वाहणाऱ्या केबली होकायंत्राजवळून न्याव्या लागल्या तर प्लस-मायनस एकमेकांभोवती पिळून नेतात.

शेवटी चार्जर, सौर कंट्रोलर आणि अल्टरनेटर रेग्युलेटर या तिघांतही नव्या बॅटरीची व्होल्टता भरावी. द्रव अम्लाला भारणाच्या टप्प्यात साधारण १४.४ ते १४.८, फ्लोटला, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच टिकवताना, १३.२ ते १३.६. उष्ण एंजिनखोलीत २५° से. च्या वर प्रत्येक १०° ला ०.२ ते ०.३ व्होल्ट कमी करतात. भारणाच्या व्होल्टतेवर प्रवाह धारकतेच्या १ ते २ टक्क्यांवर उतरला की बॅटरी भरली असे समजतात. ४०० अँपिअर-तासांच्या बँकेला म्हणजे ४ ते ८ अँपिअर.

बदलाची वेळ : भार व चार्जिंग काही तास बंद ठेवून मोजल्यास भरलेली द्रव अम्लाची बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास, निम्मी १२.१ ते १२.२ दाखवते. एवढ्यावरून धारकता ठरवू नये. पूर्ण भरून, २० तासांच्या दराने १०.५ व्होल्टपर्यंत उतरवून मोजणे हीच खरी चाचणी. एका जागी कायम बसवलेल्या बॅटऱ्यांसाठी धारकता ८० टक्क्यांखाली गेली की बदलण्याचा संकेत आहे; नौकांवर ६० पर्यंत ओढणारे बरेच असतात.

विल्हेवाट : शिसे-अम्ल बॅटरी पुनर्वापरासाठी परत घेतली जाते. सुट्या लिथियम बॅटऱ्यांची वाहतूक यूएन ३४८० या क्रमांकाखाली, नवव्या वर्गातील धोकादायक माल म्हणून होते.