रकमनची परिणामकारकता (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल)

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये थांबलेला खेळ पुन्हा सुरू होताना हवेतल्या चेंडूसाठी उडी घेणारा आणि तो आपल्या साथीदाराकडे वळवणारा खेळाडू म्हणजे रकमन. मैदानावर उतरलेल्या १८ जणांत बहुधा तोच सर्वांत उंच असतो. सामन्याच्या प्रत्येक सत्राच्या आरंभी आणि प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यावर, सीमारेषेवरून पंच चेंडू आत फेकतात तेव्हा, किंवा झटापटीत चेंडू अडकून पडला की दोन्ही संघांचे रकमन समोरासमोर उभे राहतात. त्याचे काम सगळ्या प्रेक्षागाराला दिसते, पण त्याचा संघाला किती उपयोग झाला हे ठरवताना जाणकारांचेही एकमत होत नाही.

सर्वांत रुळलेले माप म्हणजे हिटआउट, अर्थात चेंडू थापेने आपल्या बाजूला वळवल्याची नोंद. हे माप मोजायला सोपे असले तरी फसवे आहे. मध्यवर्तुळातली एक लढत जवळून पाहिली की ते लक्षात येते. रकमन गुडघा उचलून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर झेपावतो, शरीराने त्याला मागे रेटतो आणि बोटांच्या पेरांनी चेंडू खाली सोडतो. तो धावत येणाऱ्या रोव्हरच्या, म्हणजे खाली पडणारा चेंडू उचलणाऱ्या चपळ साथीदाराच्या, पुढ्यात पडला तर रोव्हर वेग न मोडता तो घेऊन निघतो. तीच थाप वीतभर मागे पडली तर रोव्हरला वळून वाकावे लागते, आणि तेवढ्यात समोरचा त्याला कवळा घालतो. तक्त्यात मात्र दोन्ही वेळा एकच हिटआउट लागतो. व्हॉलीबॉलमध्ये सेटरने किती चेंडू उचलले एवढेच मोजावे आणि स्मॅशरला मारता येईल असे त्यातले किती होते हे विचारू नये, तसा हा प्रकार.

म्हणून साथीदाराच्या थेट हाती गेलेले हिटआउट वेगळे मोजले जाऊ लागले. एकूण थापांच्या मानाने त्यांचे प्रमाण बरेच कमी असते. प्रतिस्पर्ध्याने मधल्या मध्ये पळवलेल्या थापांचीही नोंद होते. त्याला खेळाच्या बोलीत ‘शार्क’ करणे म्हणतात. २०१५ मध्ये नॉर्थ मेलबर्न संघाच्या टॉड गोल्डस्टाइनने एका सामन्यात ८० हिटआउट मिळवले. हा आकडा थक्क करणारा आहेच, पण त्या ८० चेंडूंचे पुढे काय झाले हे त्यातून कळत नाही. शिवाय एखाद्या सामन्यात खेळ वारंवार थांबतो, एखाद्यात कमी. त्यामुळे निव्वळ बेरजेपेक्षा, रकमन जितक्या लढतींत उतरला त्यांपैकी किती त्याने जिंकल्या हे पाहणे अधिक न्याय्य.

खरी अडचण श्रेयाच्या वाटणीची आहे. १९६० च्या दशकात जीलाँगच्या ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर आणि रोव्हर बिली गॉगिन यांची जोडी गाजली. फार्मरची उंची १९१ सेंटीमीटर, म्हणजे आजच्या रकमनांपुढे तो ठेंगणाच ठरेल. पण उडीची वेळ साधण्यात तो निष्णात होता, आणि मुठीने चेंडू ठोसून लांबच्या साथीदाराला देणे, म्हणजे हँडबॉल, हे अडचणीत सापडल्यावर करायचे काम नसून आक्रमणाचे शस्त्र आहे हे त्याने दाखवून दिले. वेस्ट कोस्टच्या डीन कॉक्सच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंततो. २००६ चे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या संघात त्याच्या थापा झेलायला ख्रिस जड, बेन कझिन्स आणि डॅनियल कर होते. असे तिघे खाली उभे असताना साधारण थापही सोन्याची ठरते. तरीही कॉक्सला मोठा रकमन मानावेच लागते, कारण थाप मारून तो थांबत नसे. चौथा मध्यरक्षक असावा तसा तो धावत राही.

नियमांचाही विचार करावा लागतो. मध्यावरच्या टकरींत रकमनांच्या गुडघ्यांतील अस्थिबंध फाटू लागले, म्हणून २००५ मध्ये १० मीटरचे बाह्य वर्तुळ आखून त्यांची धाव मर्यादित केली गेली. २०१७ पासून दोन रकमनांच्या लढतीत तिसऱ्याने उडी घेण्यास बंदी आली. या दोन्ही बदलांनी ताकदवान आणि उंच खेळाडूचे पारडे जड झाले. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतल्या रकमनांचे आकडे शेजारी शेजारी मांडून थोर कोण हे ठरवणे मला चुकीचे वाटते. कार्लटनचा जॉन निकल्स १८९ सेंटीमीटरचा होता, तर फ्रीमँटलचा एरन सँडिलँड्स २११ सेंटीमीटरचा. निकल्सने रुंद शरीराने जागा अडवून जे साधले, ते सँडिलँड्सला टाचा उचलूनही साधत असे.

थापेपलीकडचे कामही हिशेबात धरायला हवे. बचावातून सीमारेषेच्या कडेने लांब मारलेला चेंडू बहुधा रकमनच्या दिशेनेच येतो. तिथे त्याने तो झेलला तर उत्तमच, नाही तर निदान सीमेबाहेर ढकलला तरी आपल्या बचावफळीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. ही दुसरी गोष्ट फारशी कुठे मोजली जात नाही. मेलबर्नच्या मॅक्स गॉनने २०२१ च्या उपांत्य लढतीत जीलाँगविरुद्ध पाच गोल केले. मेलबर्नने त्या वर्षी ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवले, आणि कर्णधार गॉनची ही कामगिरी हिटआउटच्या रकान्यात शोधून सापडणार नाही.

याउलट २०१७ च्या विजेत्या रिचमंडकडे टोबी नँकर्व्हिस हा एकच खरा रकमन होता. तो दमला की शॉन ग्रिग हा मध्यरक्षक त्याच्या जागी उडी घेई, आणि समोरचा त्याच्यापेक्षा बराच उंच असे. त्यामुळे ग्रिग बहुतेक थापा हरायचा. पण थाप हरल्यावर जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठी रिचमंडला उंच रकमनऐवजी एक जास्तीचा मध्यरक्षक मिळायचा, आणि त्यांना तेच हवे होते.