संधानकरणीचा धागा

सुट्टीत आलेला भाचा मोबाइलवर लढाईचा खेळ खेळत होता. त्याच्या योद्ध्याच्या खांद्यात बाण घुसला, भाच्याने निळ्या बाटलीच्या चित्रावर बोट टेकवले आणि क्षणात तो योद्धा पुन्हा तलवार परजू लागला. ‘आणि बाण कुठे गेला?’ असे मी विचारल्यावर त्याने माझी कीव आल्यासारखे पाहिले. वाल्मीकींनी मात्र या प्रश्नाचा विचार केला होता. युद्धकांडात जांबवान हनुमंताला हिमालयातून चार वनस्पती आणायला सांगतो. त्यांतली मृतसंजीवनी आपल्या सर्वांच्या तोंडी असते. उरलेल्या तिघी म्हणजे विशल्यकरणी, संधानकरणी आणि सौवर्णकरणी. शरीरात घुसलेले शल्य बाहेर काढणारी, तुटलेले सांधणारी आणि कातडीचा वर्ण परत आणणारी, असा या तीन नावांचा अर्थ लावला जातो. त्या औषधींच्या नुसत्या वासाने राम-लक्ष्मण बरे होतात ही कविकल्पना झाली. पण जखम भरणे हे एका फटक्यात होणारे काम नसून त्यात निरनिराळी कामे क्रमाने करावी लागतात, ही जाण त्या नावांत नक्कीच आहे. २०१६ मध्ये उत्तराखंड सरकारने संजीवनीच्या शोधासाठी २५ कोटी रुपये खर्चण्याची घोषणा केली होती. नावांतला विचार बाजूला ठेवून पाने हुडकत बसण्याची ही आपली खोड जुनी आहे.

विशल्यकरणीचे काम आधी का, हे पहिल्या महायुद्धात फार महागात शिकावे लागले. बेल्जियममधील फ्लँडर्सची शेते वर्षानुवर्षे शेणखत घातलेली होती. तोफगोळ्याचा तुकडा मांसात शिरताना चिखल आणि गणवेशाच्या चिंध्या बरोबर घेऊन जाई, आणि अशी जखम लगेच शिवून टाकली की आतल्या मृत, प्राणवायूविरहित मांसात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू माजून वायुकोथ, म्हणजे गॅस गँगरीन, होई. शेवटी शल्यचिकित्सकांनी मृत मांस कापून काढून जखम उघडीच ठेवण्याची पद्धत स्वीकारली. आजही युद्धातली जखम साफ करून साधारण चार-पाच दिवसांनी, ती स्वच्छ असल्याची खात्री पटल्यावरच शिवतात. भाच्याच्या निळ्या बाटलीने बाणासकट जखम बंद केली असती, तर तो योद्धा त्याच आठवड्यात दगावला असता. जखमेवर शेण किंवा राख थापणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण धनुर्वाताचा जंतू याच क्लॉस्ट्रिडियमच्या कुळातला आहे.

माझे मन रमते ते संधानकरणीत. जखमेच्या दोन कडा सांधतो तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा दोर, आणि तो फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी वळतात. आपली आजी जसा तीन पदरांचा पीळ घाली, तशा येथेही तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत सुमारे एक हजार अमिनो आम्ले असतात आणि त्यांतले दर तिसरे आम्ल ग्लायसिन असावेच लागते, कारण पिळाच्या मध्यभागी इतकी कमी जागा असते की तेथे सर्वांत लहान आम्लच मावते. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच ठिकाणी प्रोलिन असते. यांतल्या अनेक प्रोलिनांना ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी चिकटवावी लागते, म्हणजे त्यांचे हायड्रॉक्सिप्रोलिन करावे लागते, आणि सारी मेख येथेच आहे. ही जोडी चिकटवली नाही तरी तीन पदरी पीळ बसतो, परंतु तो सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच उलगडतो. जोडी चिकटवली की तो ४० अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या एवढ्याशा जोडीची किंमत कळते.

हे काम करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या), म्हणजे प्रोलिल हायड्रॉक्सिलेजच्या, गाभ्यात लोहाचा एक अणू असतो. त्याला प्राणवायूचा रेणू लागतो आणि अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचा आणखी एक भिडूही लागतो. काम करता करता हे लोह मधूनच जास्तीचा इलेक्ट्रॉन गमावून बसते आणि विकर बंद पडतो. तो इलेक्ट्रॉन परत देऊन विकराला कामावर आणते ते क जीवनसत्त्व. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. आपले त्यासाठीचे जनुक फार पूर्वी निकामी झाले, म्हणून आवळ्या-लिंबाची गरज भासते.

ते संपले की काय होते, याची एक नोंद मला विलक्षण वाटते. जॉर्ज अ‍ॅन्सन हा इंग्रज दर्यावर्दी १७४० मध्ये जगप्रवासाला निघाला आणि त्याच्या ताफ्यात स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, थैमान घातले. त्याच्या जहाजावर आयर्लंडमधील १६९० च्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेला एक सैनिक होता. पन्नास वर्षांपूर्वी भरलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू त्या कधी भरल्याच नव्हत्या, आणि त्याचे सांधलेले हाडही सुटले. याचे कारण असे की व्रणातला कोलॅजेन एकदा घातला आणि संपले, असे नसते. जुना दोर सतत तोडला जातो आणि नवा वळला जातो. वळणे थांबले आणि तोडणे चालू राहिले की शिवण उसवते.

बोस्टनमधील जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाने याची परीक्षा स्वतःवर घेतली आणि १९४० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. क जीवनसत्त्वाशिवायचा आहार घेऊन तीन महिने झाल्यावर त्याच्या पाठीवर घेतलेला छेद नेहमीसारखा भरला. सहा महिन्यांनी घेतलेला छेद वरून बंद दिसत होता, पण कातडीखाली सांधलेलाच नव्हता. मग शिरेतून क जीवनसत्त्व दिल्यावर तो भरून आला. यावरून लिंबाच्या गोळ्यांचा डबा घेऊन बसण्याचे कारण नाही. कमतरता नसेल तर जास्तीच्या मात्रेने जखम झटपट भरत नाही. कोलॅजेनच्या पावडरीची जाहिरात करणारेही हे सांगायचे टाळतात, की पोटात गेलेला दोर पचनात तुटतो आणि अख्खा दोर जखमेपर्यंत जात नाही.

भाच्याच्या निळ्या बाटलीला घाई करता येणार नाही, याचे आणखी एक कारण आहे. सुरुवातीला घाईने घातलेला तिसऱ्या प्रकारचा कोलॅजेन हळूहळू काढून पहिल्या प्रकारचा मजबूत दोर घालावा लागतो, आणि तांबे बाळगणारा दुसरा एक विकर त्या दोरांमध्ये आडव्या गाठी मारतो. तीन आठवड्यांनी व्रणाची ताकद अखंड कातडीच्या सुमारे तीस टक्के असते, तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के, आणि पुढे ती तेथेच थांबते.

सौवर्णकरणी मात्र निसर्गाने आपल्याला पुरती दिलेली नाही. खोल जखमेच्या व्रणात केसांची मुळे परत येत नाहीत, घर्मग्रंथीही येत नाहीत, आणि रंग आसपासच्या कातडीशी क्वचितच जुळतो. नारळ खवताना विळी लागून माझ्या डाव्या तळहातावर अंगठ्याखाली पडलेला व्रण आता वीस वर्षांचा झाला आहे. मे महिन्यात सगळा तळहात घामाने ओला होतो तेव्हा दोन इंचांची ती रेघ तेवढी कोरडी राहते.