विश्वास आणि कर्मं : नीतिमान ठरण्याविषयीचा ख्रिस्ती वाद

देवासमोर माणूस नीतिमान, म्हणजे देवाला मान्य असा, ठरतो तो कशामुळे, नुसत्या विश्वासामुळे की कर्मांमुळेसुद्धा, हा वाद ख्रिस्ती धर्मात पहिल्या शतकापासून आहे आणि १६व्या शतकात पश्चिमेतलं चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं फुटलं त्यात या वादाचा फार मोठा वाटा होता. "प्रोटेस्टंट विश्वास म्हणतात, कॅथलिक कर्म म्हणतात" असं एका वाक्यात सांगून बरेचजण मोकळे होतात, पण ते बरोबर नाही. देवाच्या कृपेशिवाय, म्हणजे त्याने फुकट दिलेल्या मदतीशिवाय, स्वतःच्या पुण्याईवर माणूस तरतो असं दोघांपैकी कुणाचीच अधिकृत शिकवण सांगत नाही. भांडण आहे ते कृपा माणसात नेमकं काय करते यावरून.

मूळ अडचण बायबलमध्येच आहे. रोमकरांस पत्रात (३:२८) पहिल्या शतकातला प्रेषित पौल सांगतो की माणूस नियमशास्त्राच्या, म्हणजे यहूदी धर्मनियमांच्या, कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि याकोबाच्या पत्रात (२:२४) सरळ येतं की माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, फक्त विश्वासाने नाही. त्यात दोघंही साक्षीला यहूद्यांचा मूळ पूर्वज अब्राहाम यालाच उभं करतात! उत्पत्ती १५:६ मधलं वचन, म्हणजे अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याचं नीतिमत्त्व म्हणून मोजला गेला, हे दोघंही देतात, पण पौलाचं म्हणणं असं की बघा, तेव्हा त्याची सुंतासुद्धा झालेली नव्हती, आणि याकोब त्याला पुढचा, अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला बळी द्यायला वेदीवर ठेवल्याचा प्रसंग जोडून म्हणतो की विश्वास पूर्ण झाला तो कृतीने. माझ्या मते दोघांसमोरची माणसंच वेगळी आहेत. पौल भांडतोय ते गैरयहूदी विश्वासणाऱ्यांवर सुंता लादणाऱ्यांशी, आणि याकोबाचा राग आहे तो उपाशी भावाला "जा, पोटभर जेव" म्हणून हातावर काहीच न ठेवणाऱ्यावर. देव एक आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हा त्याचा टोला. पौलही गलतीकरांस पत्रात (५:६) प्रेमातून काम करणाऱ्या विश्वासाबद्दल बोलतोच की.

पुढे ५व्या शतकात, माणसाच्या इच्छाशक्तीवर भर देणारा पेलागियस आणि कृपेवर भर देणारा ऑगस्टीन या दोन ख्रिस्ती विचारवंतांमध्ये सामना झाला, ऑगस्टीनची बाजू जिंकली, ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची मतं नाकारली.

मग प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर. १५१७ चे त्याचे ९५ मुद्दे खरंतर पापक्षमापत्रांच्या (पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीबद्दल होते, "फक्त विश्वासाने" ही शिकवण त्यात अजून स्पष्ट मांडलेली नाही, ती नंतरच्या काही वर्षांत पक्की झाली. १५२२ च्या नव्या कराराच्या (बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या) भाषांतराच्या प्रस्तावनेत तर त्याने याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हणून टाकलं, पण बायबलमधून मात्र काढलं नाही. समेट होता होता राहिला हेही फारसं सांगितलं जात नाही. १५४१ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबर्गला कॅथलिकांकडून योहान एक नावाचे धर्मशास्त्री आणि प्रोटेस्टंटांकडून मेलांख्थोन आणि बुत्सर चर्चेला बसले, पोपचे दूत कोंतारिनीही तिथे होते, आणि याच मुद्द्यावर चक्क एकमताचा मजकूर तयार झाला. तो रोमलाही पटला नाही आणि ल्यूथरलाही.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ ला प्रोटेस्टंटांना उत्तर दिलं, १६ प्रकरणं आणि ३३ नियम. पहिलाच नियम कृपेशिवाय कर्मांनी तरता येतं म्हणणाऱ्याला शाप देतो, आणि नववा नियम फक्त विश्वासच पुरे, माणसाच्या इच्छेने काही साथ द्यायची गरजच नाही म्हणणाऱ्याला. खरा फरक इथे दिसतो. प्रोटेस्टंट मतात ख्रिस्ताचं नीतिमत्त्व पापी माणसाच्या खात्यावर धरलं जातं, म्हणजे न्यायाधीशाने निकाल द्यावा तसं, आणि आयुष्य बदलतं ते त्याचं फळ. दुसरा मोठा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याचं म्हणणं होतं की नीतिमान ठरवतो तो विश्वासच, पण असा विश्वास कधी एकटा नसतो. ट्रेंटच्या मते मात्र नीतिमत्त्व माणसात खरोखर ओतलं जातं, कृपेतल्या सत्कर्मांनी वाढतं, आणि घोर पापाने गमावलंही जातं, त्यामुळे आपण तरलोच अशी शंभर टक्के खात्री कुणी धरू नये.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा प्रश्न या स्वरूपात कधी एवढा तापलाच नाही, तिथे भर देवाच्या जीवनात सहभागी होण्यावर आहे.

२०व्या शतकात बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या अभ्यासाने वाद परत ढवळला. त्यांचं म्हणणं, पौलाच्या काळचा यहूदी धर्म कर्मांनी तारण कमवायला सांगतच नव्हता. जेम्स डन यांनी पुढे मांडलं की पौलाची "नियमशास्त्राची कर्मं" म्हणजे मुख्यतः सुंता, खाण्याचे नियम, शब्बाथ असल्या यहूदी ओळखीच्या खुणा, पण रोमकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायातला मजुरी आणि कृपादान यातला फरक दाखवून बरेच अभ्यासक हे मान्य करत नाहीत.

३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतल्या) चर्चेसचा जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्चने या शिकवणीवर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) या प्रोटेस्टंट चर्चेसच्या जागतिक संघटनाही त्यात आल्या. सगळे लुथरन मात्र आले नाहीत, अमेरिकेतल्या मिसूरी सिनड या लुथरन चर्चने ते नाकारलं, कारण खात्यावर धरलेलं की आत ओतलेलं हा जुना प्रश्न त्यांच्या मते त्यात सुटलेलाच नव्हता.