जुने कपडे आफ्रिकेत फुकट वाटले जातात का?

युरोप-अमेरिकेत दानपेटीत टाकलेले जुने कपडे आफ्रिकेतील गोरगरिबांना फुकट वाटले जातात, हा वर्षानुवर्षे पसरलेला समज चुकीचा आहे. धर्मादाय संस्था त्यातील थोडेच कपडे स्वतःच्या दुकानांत विकतात. उरलेले वजनावर व्यापाऱ्यांना विकले जातात, त्यांची प्रतवारी होते (आपल्या देशात कांडला येथेही हे काम मोठ्या प्रमाणावर चालते) आणि मग गठ्ठे बांधून ते जहाजाने रवाना होतात. घानाची राजधानी अक्रा येथील कांतामांतो बाजारात किरकोळ विक्रेती, अनेकदा कर्ज काढून, सुमारे ५५ किलोचा गठ्ठा न उघडताच विकत घेते. आत धडके शर्ट निघाले तर चार पैसे सुटतात. डागाळलेले, फाटके निघाले तर भुर्दंड तिच्याच माथी बसतो. तिच्या या जोखमीला कोणी दान म्हणावे, हे मला अन्यायाचे वाटते.

सरकारांच्या लेखीही हा व्यापारच आहे. रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरील आयातशुल्क वाढवले, तेव्हा अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी शुल्कमाफी स्थगित केली.